फौजदार वैजापुरे, मुक्काम चिकलठाणा

हाताच्या शिरेत सुई शिरली की कडुबा सोनवणे भिंतीकडे बघायचा. शेकडो माणसं कागदावर भोसकून, बुडवून, विष घालून मारलेल्या लेखकाला स्वतःचं चमचाभर रक्त बघवत नसे, आणि यावरून सुलेखाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, सगळ्या नात्यागोत्यात त्याची यथेच्छ चेष्टा करून झाली होती. भिंतीवर त्याच्याच एका जुन्या पुस्तकाचं मुखपृष्ठ चौकटीत लावलेलं होतं. खाकी कपड्यातला एक दणकट माणूस उंबऱ्याबाहेर वाकून पायातले जोडे काढतो आहे आणि आत, अंधारात, कुणाचा तरी उघडा पाय दिसतो आहे. त्या सकाळी लॅबमधून रक्त न्यायला आलेल्या माणसानंही, सुई तशीच धरून, त्याच भिंतीकडे बघितलं. "फौजदार वैजापुरे," तो म्हणाला. कडुबाला याची सवय होती. साठीच्या पुढची माणसं अजून कधीमधी भाजीबाजारात थांबवायची, हात हातात घ्यायची. पण हा जेमतेम पस्तिशीचा, गळ्यात ओळखपत्र, त्यावर नाव ओवैस. "तुम्ही ते वैजापुरेवाले व्हय, साहेब? आमच्या अम्मीला लई आवडतात. अब्बा वाचून दाखवायचे रोज. अम्मीला ती सगळ्यात पसंद, ज्यात वैजापुरेंना लकवा होतो. जबान जाते. मग नुसत्या डोळ्यांनी गुन्हेगार धरतात ती." त्यानं सुई काढली, कापूस ठेवला, दाबून धरा म्हणाला. कडुबानं दाबून धरलं नाही. रक्ताचा थेंब कोपरापर्यंत ओघळला तरी तो भिंतीकडेच बघत राहिला, कारण वैजापुरेंना लकवा झाल्याचं त्यानं उभ्या जन्मात लिहिलं नव्हतं.

ओवैस नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. वडील आता नाहीत, कोरोनात गेले, अम्मी चिकलठाण्याला आपल्याजवळच असते, असं त्यानं कडुबानं विचारल्यावर सांगितलं. कधी या साहेब, अम्मीला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे, कधीपासून म्हणते आहे, असंही म्हणाला आणि मोबाईल नंबर देऊन पुढच्या घरी रक्त काढायला गेला. कडुबा खुर्चीतच बसून होता. छातीत काहीतरी बारीक आणि जुनं जागं झालं होतं, आणि तो राग आहे हे ओळखायला त्याला थोडा वेळ लागला. नकली वैजापुरे. तसं पूर्वीही झालं होतं. वैजापुरे ऐन भरात असताना कुठल्या कुठल्या गावचे छापखाने तसंच मुखपृष्ठ काढून, लेखकाच्या नावातली एखादी वेलांटी बदलून, पुस्तकं एसटी स्टँडवर सोडायचे. त्यातले वैजापुरे शिव्या द्यायचे, दारू प्यायचे आणि जोडे घालून बेलाशक प्रेताजवळ जायचे. कडुबाला ते वाचून ताप यायचा, खरोखरचा, थर्मामीटरमध्ये दिसणारा. आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा कुणीतरी त्याच्या माणसाला हात लावला होता, आणि हात लावून त्याची जीभ काढून घेतली होती. त्याला राग आला तो यासाठी, आणि खरं तर त्याहून जास्त यासाठी की ते सुचलेलं चांगलं होतं.

कारण त्याला स्वतःला काही सुचत नव्हतं. दसऱ्याच्या सुमारास पुण्याहून प्रेरणा नावाच्या मुलीचा फोन आला होता. तिची कंपनी मोबाईलवर ऐकायच्या गोष्टी काढायची. वैजापुरेंची सगळी पुस्तकं त्यांना हवी होती आणि शेवटी एक नवी गोष्ट, ज्यात वैजापुरे मरतात. "सर, लोकांना शेवट लागतो," ती गोड आवाजात म्हणाली होती, आणि कडुबानं हो म्हटलं होतं. सव्वीस सत्तावीस वर्षांपूर्वी त्यानं लिहिणं थांबवलं तेव्हा वैजापुरेंचा शेवट केलाच नव्हता. घरोघरी टीव्ही आला, भाड्यानं पुस्तकं देणारी दुकानं मोबाईलची झाली, छापखाना बंद पडला, आणि एका पुस्तकाच्या शेवटी सायकलवर बसून गेलेले वैजापुरे परत आलेच नाहीत, इतकंच. आता रोज सकाळी आंघोळ करून तो कागद घेऊन बसायचा. फाशी, अपघात, सूड, म्हातारपण, सगळं ठेवणीतलं काढून बघायचा. पण माणसाला मारायचं तर आधी तो जिवंत दिसावा लागतो. वैजापुरे दिसेनात. नुसते खाकी कपडे दिसत, आत कुणी नाही. आपला माणूस आपल्या नकळत कधीचाच मेला, आणि आपण सुतकसुद्धा पाळलं नाही, असं वाटून कडुबाला भरदिवसा भीती वाटायची. हे त्यानं सुलेखाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी त्यानं कपाट उपसलं. पिवळी पडलेली, दोन बोटं जाडीची पुस्तकं पलंगावर पसरली, आणि तो एकेकाची शेवटची पानं उलटत लकवा शोधू लागला, कारण स्वतःच्या आठवणीवरही आता पूर्वीसारखा भरवसा राहिला नव्हता. प्रत्येक पुस्तकावर नाव होतं राजकुमार देवगावकर. कडुबा हे नाव आईनं ठेवलेलं, आधीची दोन पोरं गेली म्हणून, नाव कडू असलं की मरण तोंड लावत नाही या हिशेबानं. पण पहिलं हस्तलिखित घेऊन तो देवगाव रंगारीहून आला तेव्हा छापखान्याचे मालक म्हणाले होते, कडुबाचं पुस्तक कुणी डॉक्टरानं लिहून दिलं तरी घेणार नाही. मग पाटबंधारे खात्यात दिवसा कारकून कडुबा आणि संध्याकाळी राजकुमार, असं आयुष्य गेलं. सुलेखाबाई दारात उभ्या राहून पसारा बघत होत्या. "काय हुडकताय?" "वैजापुरे," तो म्हणाला. "आता बया. जगाचे चोर त्यानं हुडकले, आन् त्यालाच हुडकायची पाळी आली?" त्या हसत होत्या. मग त्याचं तोंड बघून हसायच्या थांबल्या आणि खाली बसून पुस्तकं एकावर एक लावू लागल्या. लकवा कुठंच नव्हता. कडुबानं ओवैसला फोन लावला, उद्या येतो म्हणाला, पत्ता विचारला. "चिकलठाण्यात मशिदीच्या मागं नवीन बिल्डिंग आहे साहेब. नाय सापडली तर कुणालाही विचारा, गयास कंपोझिटरचं घर म्हणून." फोन ठेवल्यावर कडुबाला कळलं, हा गयासचा मुलगा, छापखान्यात त्याची पुस्तकं जुळवणाऱ्या गयासचा. गयासला आपण शेवटचं कधी भेटलो ते त्याला आठवेना.

रिक्षा जालना रोडला लागली तशी ऊन चढलं होतं आणि पुलावर गाड्यांची रांग लागली होती, पण कडुबा मनानं तिथं नव्हता. तो गुलमंडीमागच्या बोळातल्या छापखान्यात होता, जिथं शाईचा आणि रॉकेलचा वास दारातच अंगावर यायचा. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायच्या उंच लाकडी चौकटीसमोर गयास उभा. बारीक शरीर, नाकावर चष्मा, डाव्या हातात खिळे लावायची पट्टी, आणि उजवा हात कोंबडीच्या चोचीसारखा घरांमधून खिळे टिपतो आहे, नजर मात्र कडुबाच्या कागदावर. जगात कडुबाचं अक्षर वाचता येणारा एकच माणूस होता आणि तो गयास. छापखान्यात खिळे जेमतेम. सोळा पानांचा एक फर्मा जुळवायचा, छापायचा, मग तेच खिळे सोडून परत आपापल्या घरात टाकायचे आणि पुढचा फर्मा धरायचा. म्हणजे कडुबाचं पहिलं प्रकरण कागदावर छापून सुकत पडलेलं असायचं तेव्हा चौथं प्रकरण त्याच्या डोक्यातही नसायचं, आणि एकदा छापलं ते छापलं. पहिल्या फर्म्यात वकील लंगडा म्हटला की तो शेवटपर्यंत लंगडा. मोठे लेखक म्हणे पुनःपुन्हा खोडतात. कडुबाला मागं जायची सोय कधी मिळालीच नाही. रोज ऑफिस सुटल्यावर नवे कागद घेऊन तो छापखान्यात जायचा आणि झालेल्या चुका पुढच्या पानात कशा निस्तरायच्या याचा विचार करत घरी यायचा. लोक त्यालाच कथानकाची गुंतागुंत म्हणायचे.

आणि त्यात गयासची ती सवय. कागद हातात घेताना तो चष्म्यावरून बघायचा आणि अगदी अदबीनं म्हणायचा, "साब, घरवाले बोल रहे, दिवाणजीनं मारा." दिवाणजीनंच मारलेलं असायचं. घरवाले हे काय प्रकरण आहे ते त्यानं कधी विचारलं नाही. गयासचे भाऊ, भावजया, म्हातारे आईबाप, असा एखादा मोठा कुटुंबकबिला रोज रात्री जेवणं आटोपून आपल्या गोष्टीवर डोकं चालवत बसतो, असं काहीसं चित्र त्याच्या मनात होतं, आणि त्या कबिल्याचा त्याला धाक वाटायचा. घरवाल्यांनी ओळखलं की तो खुनी बदलायचा. छापलेलं तर बदलता येत नव्हतं, तेव्हा छापलेल्या शब्दाला शब्द जागून, सगळे पुरावे तसेच ठेवून, दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात दोर अडकवायचा. त्यासाठी रात्रभर छताकडे बघत पडायचा. तिथूनच ते शेवटचं, सगळं फिरवणारं पान आलं, ज्यासाठी सिल्लोडच्या कापूस बाजारात आडते लोक सौदा अर्धा टाकून पुस्तक संपवायचे, ज्यासाठी एका खऱ्या ठाणेदारानं त्याला पत्र लिहिलं की मी आता मयताच्या घरात जोडे काढून जातो. राजकुमार देवगावकरांचा शेवट कुणालाच ओळखता येत नाही, असं छापूनही आलं होतं एकदा. घरवाल्यांचं नाव त्यात नव्हतं. रिक्षावाला म्हणाला, "काका, मशीद आली," आणि कडुबा उतरला तेव्हा विमानतळाकडे उतरणारं एक विमान डोक्यावरून इतक्या खालून गेलं की रिक्षावाल्याचे पुढचे शब्द त्यात बुडाले.

गुलशनबी, गयासची बायको, दारातच उभी होती. सत्तरीची, ठेंगणी, डोक्यावरून पांढरी ओढणी, आणि डोळे असे की माणसाला आपल्या सदऱ्याचं बटण लागलंय का ते बघावंसं वाटावं. ओवैस कामावर गेला होता, सून जन्नत आतल्या खोलीत मशीनवर शिवत होती, मशीनचा आवाज थांबत थांबत येत होता. "या, या साहेब. ओवैसनं सांगितलं तर मला खरं वाटेना," ती म्हणाली. तिचं मराठी बोलता बोलता दख्खनीत जायचं आणि परत यायचं, त्याचं तिला भान नसायचं. कडुबानं घसा साफ केला. रस्त्यात त्यानं बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते पुस्तक दाखवा, कुठल्या छापखान्याचं आहे, कुणाचं नाव आहे, असं सरळ. पण समोर ती खुर्ची पुसत होती. तो म्हणाला, "लकव्याचं पुस्तक आहे का तुमच्याकडं?" गुलशनबीनं त्याच्याकडे बघितलं. मग भिंतीतल्या कपाटातून कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक आणलं आणि त्याच्या हातात दिलं. निळं मुखपृष्ठ, कोपरा उडालेला. ते लकव्याचं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, ऐंशी सालच्या आसपासचं, खाणावळीतल्या खुनाचं. "हेच," ती म्हणाली. "सगळ्या गोष्टी ह्याच्यातल्याच."

तिनं मग जे सांगितलं ते असं. तिला उर्दू वाचता यायचं, मराठी अक्षर नाही. लग्न होऊन आली तेव्हा बायजीपुऱ्यातल्या एका खोलीत ती दिवसभर एकटी असायची, आणि गयास छापखान्यातून आला की जेवण झाल्यावर, दिवसभर उलटी अक्षरं लावलेली गोष्ट तोंडानं सरळ करून सांगायचा, तिच्या बोलीत. सोळा पानं संपली की गोष्ट बंद. पुढं काय म्हणून विचारलं तर म्हणायचा, साहेबांनी अजून लिहिलं नाही. "मग मीच अंदाज करायची. ये मारा असेल, नै तो वो. ते सकाळी जाताना विचारून जायचे, बोल, आज किसका नाम बताऊं साब को?" कडुबाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "घरचे म्हणायचे ना, सगळे? तुमचे दीर वगैरे?" त्यानं विचारलं. "घर में कौन था साहेब?" ती म्हणाली. "मैंच थी. नंतर हा ओवैस झाला, तो पाळण्यात." आतलं मशीन थांबलं होतं. कडुबा तिच्या हातांकडे बघत होता. मांडीवर एकमेकात गुंतवून ठेवलेले दोन साधे, म्हाताऱ्या बाईचे हात. ज्या कबिल्याला भिऊन त्यानं रात्री जागवल्या, ज्याच्यापुढे हरू नये म्हणून तो जन्मभर जरा जास्त हुशार झाला, तो कबिला इथं चिकलठाण्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्याला उठून उभं राहावंसं वाटलं. का ते कळलं नाही, पण एखादं फार मोठं माणूस खोलीत आल्यावर वाटतं तसं वाटलं, आणि ते माणूस तर आधीपासूनच समोर होतं.

"मग छापखाना बंद झाला," गुलशनबी म्हणाली. "ते घरी बसले. दोन महिने बोललेच नाहीत. मग एका संध्याकाळी हे पुस्तक काढलं, म्हणाले, साहेबांचं नवीन आलंय, ऐक. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी परत. ते संपलं, दुसरं नवीन. मला काय मराठी वाचता येत नाय, पण पुस्तक तर ओळखू येतं ना? कोना इथं फाटलेला. पान उलटायचं कधी कधी विसरून जायचे. एकदा तर उलटं धरलं होतं." ती हसली नाही. "मी बोलले नाय. बोलती तो बंद हो जाता." असं वीस एक वर्षं चाललं. त्यात वैजापुरे रिटायर झाले. त्यांची बायको गेली. ते सिल्लोडला जाऊन राहिले, मग करमेना म्हणून परत आले. त्यांना लकवा झाला तेव्हा गुलशनबी दोन दिवस नीट जेवली नव्हती. ती सांगत होती आणि कडुबा ऐकत होता. लकवा झालेले वैजापुरे खाटेवर पडून आहेत, घरात पुतण्यांची भांडणं चालली आहेत, त्यांच्या देखतच एकानं दुसऱ्याच्या दुधात काहीतरी कालवलं आहे, आणि हा महाराष्ट्रभर गाजलेला माणूस ओरडू शकत नाही. तो फक्त कालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पापणी न हलवता, शेवटी तो पुतण्या स्वतःच भांडं उपडं करतो आणि पाय धरून रडतो. कुणी मरत नाही. कुणाला अटक होत नाही. कडुबानं तेवीस वर्षं वैजापुरेंना पळवलं, गोळ्या झाडायला लावल्या, विहिरीत उतरवलं, पण त्यांच्या नुसत्या बघण्यात इतकी ताकद आहे हे त्याला माहीत नव्हतं. आणि ऐकता ऐकता त्याला वैजापुरे स्पष्ट दिसले. महिनोन्‌महिने कागदासमोर बसून न दिसलेले, पांढऱ्या भुवयांचे, गालाची एक बाजू सैल पडलेले. ते मेलेले नव्हते. ते इथं होते. त्याच्या घरातून उठून ते इकडे राहायला आले होते आणि इकडे त्यांचं वय वाढलं होतं, माणसाचं वाढतं तसं.

चोर धरायला आलो होतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला ओशाळल्यासारखं झालं. पण गयासवर रागवावं असं काही शिल्लकच राहिलं नव्हतं. जो माणूस आपल्या बायकोला एका उडालेल्या कोपऱ्याच्या पुस्तकातून वीस वर्षं नव्या गोष्टी काढून देत होता, त्याच्यापुढे राजकुमार देवगावकर कोण? खिळे नाहीत, कागद नाही, मालक नाही, पुढच्या बोळातल्या दुकानात पुस्तक लागलेलं बघायची हौस नाही. एक ऐकणारी, आणि ती ओळखणारी. कडुबाला तो चष्म्यावरून बघणारा चेहरा आठवला आणि त्या अदबीच्या मागं तेव्हाच हे सगळं उभं होतं की काय, आपण रोज कागद देऊन पाठ फिरवत होतो, असं त्याला वाटलं. डोळे पुसायला त्यानं चष्मा काढला. "तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं म्हणे," तो म्हणाला.

"हौ," गुलशनबी म्हणाली आणि ओढणी सारखी केली. "एक गोष्ट अधुरी राहिली. ते दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत सांगत होते. खोकला होता, तरी सांगत होते. मग गेले. चार साल हो गए साहेब, मी तिथंच थांबलेय. वैजापुरे तुमचे. तुम्हीच बोला पुढं." आणि तिनं ती गोष्ट सांगितली. वैजापुरे फार म्हातारे झाले आहेत. गावात एका बंद खोलीत एक एकटा म्हातारा मास्तर मेलेला सापडतो. डॉक्टर म्हणतात हृदय थांबलं. पण खोलीत सतरंजीवर समोरासमोर दोन ताटं वाढलेली आहेत, दोन्ही भरलेली, दोन्ही तशीच. कुणी घास मोडलेला नाही. भाकरी वाळून वर वळल्या आहेत. पाहुणा बसल्याशिवाय यजमान जेवत नाही, तेव्हा पाहुणा आलाच नव्हता हे उघड आहे. पण मग तो होता कोण, आणि का आला नाही? सगळं पोलीस ठाणं हरतं तेव्हा कुणीतरी वैजापुरेंना रिक्षात घालून आणतं. ते दारात जोडे काढतात, काठी टेकत आत येतात, आणि त्या दोन ताटांसमोर खाली बसतात. कितीतरी वेळ नुसते दुसऱ्या ताटाकडे बघत राहतात. "इथंच," गुलशनबी म्हणाली. "इथं खोकला आला, म्हणाले, बाकी उद्या."

कडुबाचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट झाले होते. ही ती गोष्ट होती. हीच. प्रेरणाला हवी असलेली, दसऱ्यापासून त्याला चकवणारी. म्हातारे वैजापुरे, वाढलेलं ताट, आणि शेवट. त्याच्या डोक्यात ती आपोआप पानांवर उतरू लागली, पहिलं वाक्यसुद्धा झालं, आणि हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला, जिथं पेन होतं. कुणाला कळणार होतं? ही बाई तर स्वतःच म्हणत होती की वैजापुरे तुमचे. गयास नाही. मुखपृष्ठावर नाव राजकुमार देवगावकरांचंच असणार होतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. फक्त शेवट लागत होता, आणि शेवट ही तर त्याची मिरास. पाहुणा कोण? मुलगा, त्यानं भराभर ठरवलं, परदेशी गेलेला. नाही, फार जुनं. भाऊ, इस्टेटीचा वाद. सावकार. जुना गुन्हेगार, पश्चात्तापानं जेवायला बोलावलेला, आणि तोच येऊन वैजापुरेंवर सुरी उगारतो. एकेक दार तो उघडत होता आणि आत तीच जुनी, पिवळी पडलेली पानं होती, एसटी स्टँडवरची. गुलशनबी वाट बघत होती. अधाशासारखी नाही, चार वर्षं थांबलेलं माणूस आणखी थोडं थांबतं तशी. तिला तो खोटं सांगू शकला असता, काहीतरी नेहमीचं, ठाकठीक बसणारं, आणि तिनं मान डोलावली असती. पण तिनं ते लगेच ओळखलं असतं, दिवाणजी ओळखला होता तसं. तो म्हणाला, "मला माहीत नाही, गुलशनबी. खरंच माहीत नाही. ही गोष्ट माझी नाही." ते बोलल्यावर हात खिशापासून खाली आला, आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो स्वतःच चकित झाला. "तुमचा काय अंदाज आहे?" त्यानं विचारलं.

आतून जन्नत दाराशी येऊन उभी राहिली होती, हातात शिवायचं कापड तसंच. "मला एकच दिसतं," गुलशनबी म्हणाली. "सांगताना ते म्हणाले होते, पहिल्या ताटात वांग्याची भाजी होती. दुसऱ्यात नव्हती. त्या जागी शेंगदाण्याची चटणी. आता वांगं कोण खात नाय?" कडुबाला कळेना. "वैजापुरे," ती म्हणाली. "तुमच्याच पहिल्या नै तर दुसऱ्या पुस्तकात आहे ना. जेवायला बसतात आन् वांगं बाजूला सारतात. विसरलात काय?" तो विसरला होता. साफ विसरला होता, पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेली एक ओळ, फर्मा भरायला म्हणून टाकलेली. "तो पाहुणा वैजापुरेच होते साहेब. मास्तरनं त्यांनाच बोलावलं होतं. म्हातारपण. त्यांच्या ध्यानातच राहिलं नाय. तो बिचारा वाढून बसला वाट बघत." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "आता ते ताटासमोर बसलेत आन् त्यांना आठवायला लागलंय."

बाहेरून विमान गेलं. खिडकीची काच थरथरली. कडुबा खुर्चीच्या कडेवर सरकून बसला होता. खिशात फोन वाजला, पुण्याचा असणार, त्यानं बघितला नाही. शेकडो वेळा त्यानं या माणसाला असं शेवटच्या दाराशी आणून उभं केलं होतं, आणि दर वेळी दारापलीकडे काय आहे ते त्याला आधी ठाऊक असायचं. आज त्या खोलीत, वाळलेल्या भाकरीसमोर, त्याचा फौजदार मांडी घालून बसला होता आणि पुढच्या क्षणाला तो काय करील, याची कडुबाला यत्किंचितही कल्पना नव्हती. त्याला भीती वाटत होती, आणि लहानपणी कधीतरी वाटला होता तसा आनंदही होत होता.

"मग?" त्यानं विचारलं.

गुलशनबीनं एकदा जन्नतकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली आणि सांगू लागली.